केर आणि तात्पुरत्या फाइली

भिंगार, १२ नोव्हेंबर १९९९

दिवाळीची सुट्टी संपवून हे सकाळी पलटणीत परत गेले. मी केरसुणी उचलली तर सासूबाई ओरडल्या, "माणूस आत्ता गेलंय, लगेच केर काढू न्हाई!" ठेवली.

ऑफिसात सर म्हणाले, "वेबसाइटवर लोक फोटो चढवतात, त्यांच्या तात्पुरत्या फाइलींनी डिस्क भरलीय. काम झालं की फाइल पुसणारी ओळ पायथनच्या प्रोग्रॅममध्ये घाला." घातली. चालवायच्या आधी फोल्डर उघडलं. परवा पान तपासायला मीच चढवलेला ह्यांचा फोटो! मूळ फोटो घरी आहे, तरी एंटर दाबवेना. "उद्या चालवते," म्हटलं. सर चिडले. चिडू देत.

केरसुणी अजून कोपऱ्यातच आहे. उंबऱ्याशी ह्यांच्या बुटांची माती. उद्या दोन्हीकडचं झाडायचंय. सकाळ जरा उशिरा झाली तर काय बिघडेल?