पिंपातला केर

४ फेब्रुवारी, मंगळवार

आलो एकदाचे! नवं गाव, भाड्याच्या दोन खोल्या आणि दारावर आमची स्वतःची पाटी: ‘दोघी बहिणी – घरसफाई’. पाटी रंगवली ताईने, ठोकली मी, म्हणून तिरकी. सफाईवाल्यांचीच पाटी वाकडी, लोक काय म्हणतील, असं ताई म्हणाली. लोकांचं सोड, तूच जन्मभर म्हणत आलीयेस, म्हटलं. सामान झकास: तीन बादल्या, लांब दांड्याचे झाडू, जुन्या चादरींची फडकी आणि नवंकोरं व्हॅक्यूम मशीन. नियम माझे. आधी पंखे, मग कपाटांचे माथे, फरशी शेवटी. आणि घरातला केर घरात ठेवून निघायचं नाही.

भावोजी गेल्यापासून ताई हसायचं विसरली होती. आज बादल्या मांडताना खळखळून हसली. हा धंदा चालायलाच हवा, तिच्यासाठी.

११ फेब्रुवारी, मंगळवार

चार घरं मिळाली! दातांच्या डॉक्टरीणबाईंनी शिंप्याला सांगितलं, शिंप्याने अख्ख्या गल्लीला. आज पाचवं घर, कोपऱ्यावरच्या काकांचं. पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे, आता एकटेच असतात. धूळ मात्र दहा माणसांची. फिकट, मऊ, पिठासारखी. त्यांची एकच अट: केर बाहेर टाकायचा नाही. मागच्या खोलीतल्या पत्र्याच्या पिंपात ओतायचा आणि झाकण घट्ट लावायचं. काय एकेक नमुने असतात! मी नाक मुरडलं. ताई म्हणाली, गिऱ्हाईक आहे, ऐकावं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काका दवाखान्यात गेले होते. पिंप काठोकाठ भरलेलं. मला राहवेना. केर दिसला की माझे हात शिवशिवतात, त्याला मी काय करू? ताई नको नको म्हणत होती, पण मी कधी कुणाचं ऐकलंय! माझी कंबर धरलेली, म्हणून पिंप तिलाच उचलायला लावलं. कचरागाडीत उपडं करताना वारा सुटला आणि सगळी धूळ तिच्या अंगावर. शिंकून शिंकून बेजार झाली बिचारी. मी पोट धरून हसले.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

काका रिकाम्या पिंपाला मिठी मारून रडत होते. म्हणाले, त्यात त्यांची बायको होती. मेली नव्हती, झिजली होती. रोज थोडी थोडी. त्यांनी ती कणाकणाने जमवून ठेवली होती. झाकणाला कान लावला की ती बोलायची म्हणे.

मग त्यांनी विचारलं, पिंप कुणी उपसलं. मी फडक्यांच्या घड्या घालत राहिले. ताई म्हणाली, मी. ते रागावले नाहीत. फक्त धूळ अंगावर उडाली का, एवढंच विचारलं. ताई हो म्हणाली, तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

म्हातारा भ्रमिष्ट आहे, दुसरं काय. ते घर सोडलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

ताईच्या खुर्चीखाली धूळ. फिकट, मऊ. मशीन फिरवलं. चहा होईस्तोवर पुन्हा तेवढीच. पुन्हा फिरवलं. ताई म्हणाली, अंग हलकं हलकं वाटतंय. मशीनची पिशवी भरली, ती संध्याकाळी गाडीत टाकून आले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

ताईच्या डाव्या हाताला करंगळी नाही.

दुखत नाही म्हणते. जखम नाही, रक्त नाही. नुसती नाही.

ती पिशवी – मी माझ्या हाताने – देवा, मी तिला झाडून टाकलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

काकांच्या पाया पडले. उपाय नाही, म्हणाले. एक कणही वाया घालवू नकोस, एवढंच. पंखा नको, खिडक्या बंद, झाडू तर नकोच नको.

खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी लावली. ताई विचारते, इतका उकाडा कशाला करून ठेवलायस. तिला काय सांगू? पिंप मी उपसायला लावलं. नाव तिने स्वतःचं सांगितलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी हाक मारली. ओ आली नाही.

चादरीवर धूळ आहे. तिच्या लांबीची. कुशीवर वळलेली.

वरखाली होते. सावकाश. श्वास घेतेय ती, घेतेय.

मी बोलले की कडा उडते. म्हणून बोलत नाही. हलत नाही. फक्त पेन्सिल –

दुपार. पिंप हवं. भरायचं कशाने? हाताने? बोटांना चिकटली तर –

दारात कुणीतरी. घरमालकीण मावशी. दोन दिवस तुम्ही दिसला नाहीत, जीव घाबरा झाला, म्हणतायत. भल्या आहेत. त्यांच्याकडे दुसरी किल्ली असते.

ओरडता येत नाही. ओरडले तर माझ्याच तोंडाने –

पान फाडून दाराखालून सरकवते. पण उठले तर –

कुलपात किल्ली. मावशी नका उघडू, वारा येईल, ताई –