पाणी बदललेला घोडा

अण्णा, आई परवा परत पुण्याला चालली आहे. तिला इथे आणलं तेव्हा कायमचं आणलं होतं, निदान माझ्या मनात तरी. आता मीच तिचं तिकीट काढलंय आणि तिच्या दोन बॅगा हॉलमध्ये भिंतीला टेकून उभ्या आहेत. हे तुमच्याशिवाय कुणाला नीट सांगता येणार नाही, कारण यात घोडे येतात, आणि घोड्यांचं मला जे काही कळतं ते तुमच्या मागे मागे फिरून कळलेलं आहे.

तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होतो. नववी तिथेच राहिली. सगळ्या सईसांवरच्या जमादारांनी मला तुमच्या जागी रेसच्या तबेल्यात घेतलं, मग वजन कमी म्हणून रायडिंग बॉय केलं. पोराच्या पायाला भिंगरी आहे असं तुम्ही म्हणायचात ते काही खोटं नव्हतं. पुणे, मुंबई, बंगलोर असं करत करत मी इथे मेलबर्नला येऊन पोचलो. पहाटे ट्रॅकवर घोडे पळवतो, नंतर तबेल्यात खरारा, धुणं, खाणं, तुमचंच काम, फक्त लीद उचलायला इथे छोटा ट्रॅक्टर आहे. राहतो डँडेनॉन्गला, आमच्याच तबेल्यातल्या एका पंजाबी पोराबरोबर, भाड्याच्या घरात. आपली मराठी माणसं इथे पुष्कळ आहेत, पण बहुतेक सगळी कॉम्प्युटरवाली. मी घोड्यांवर काम करतो म्हटलं की ती आधी हसतात आणि मग विचारतात, म्हणजे नक्की काय करतोस.

इथे रविवारी सकाळी आमचं एक चालतं. तिकडे अमेरिकेत अजून शनिवार दुपार असते आणि हिवाळ्याच्या तोंडावर त्यांच्या मोठ्या रेसेस असतात, हिरवळीवरच्या. त्यात इंग्लंड, आयर्लंड, फ्रान्सहून घोडे विमानाने येतात. रविवारी ट्रॅकवर काम हलकं, म्हणून आम्ही चहाच्या खोलीत टीव्ही लावून बसतो आणि आलेल्या घोड्यांपैकी कोण पळेल, कोण पडेल ते आपापसात सांगतो. आमचा फोरमन आयरिश म्हातारा आहे. तो समुद्र ओलांडून आलेल्या प्रत्येक घोड्याला डोळे मिटून जिंकवतो, कारण त्याच्या मते अमेरिकनांना गवत फक्त कापता येतं. पंजाबी पोरगा जॉकी बघून बोलतो. मी मात्र आठवडाभर डोकं लावतो. तिकडची जमीन रस्त्यासारखी टणक असते, मग घोडा घरी चिखलात जिंकलाय की कोरड्यावर. वळणं आवळ असतात आणि शेवटचा सरळ पट्टा आखूड, मग मागून येणाऱ्याला पाय मोकळे करायला जागा कुठे. युरोपातले घोडे आधी रमतगमत पळतात आणि शेवटी झेप घेतात, तिकडे गेट उघडल्यापासून पळापळ. लांबच्या रेसमध्ये त्यांचं चालून जातं, आखूडमध्ये सुटायला बाहेरच्या कडेचं गेट मिळालं की संपलं. हे सगळं टीव्हीवाले पण सांगतात. त्यापुढचं तुमचं.

तुम्हाला आठवतं का, पावसाळ्याआधी मुंबईचे घोडे ट्रकने पुण्याला यायचे. घाट चढून ट्रक आला की तुम्ही आधी उतरायचात, पाठ मोडलेली, अंगावर गवताची कुसं, आणि घोडा आत बांधला तरी घरी यायचा नाहीत. आई जेवण झाकून ठेवायची. मी बोलवायला आलो की तुम्ही गव्हाणीशी उकिडवे बसलेले असायचात, हात घालून बघताय, ओट्स किती उरले, लसूणघास हुंगून सोडला की चावला, बादलीतलं पाणी किती उतरलं. मी म्हणायचो, पाय बघा ना, प्रवासात पाय आखडले असतील. तुम्ही म्हणायचात, "प्रवास पायात बसत नाही रे, पोटात बसतो. गव्हाण रिकामी झाली की घोडा आला म्हणायचं, तोवर नुसता ट्रक आला." हेच मी अमेरिकेच्या घोड्यांना लावतो. टीव्हीवर कुणी गव्हाण दाखवत नाही, पण पोट आत गेलंय का, अंगावरची चकाकी टिकलीय का, ते दिसतं. माझे घोडे बऱ्याच वेळा बरोबर येतात. फोरमन मला प्रोफेसर म्हणतो. तुम्ही असतात तर पोट धरून हसला असतात.

आई आली तेव्हाही मी हेच केलं, अण्णा. तुमची शपथ, न कळत केलं. पहिला महिना तिने मला भंडावून सोडलं. दूध पांचट, वारा मेला अंगाला सुया टोचतो, चुलीला ज्योत नाही तर भाकरी फुगणार कशी, शेजारणीने तीन आठवड्यांत एकदा हाय म्हटलं ते पण कुत्र्याकडे बघून. पंजाबी पोराला ती हिंदीत झापायची, जूते बाहेर निकाल, आणि तो तिला घाबरून मोजे पण बाहेर काढून यायचा. मी तिला सगळं आणून दिलं. फॉस्टर स्ट्रीटवरच्या इंडियन दुकानांतून मेथी, ज्वारीचं पीठ, गूळ, ती पुण्यात घ्यायची त्याच कंपनीची चहापावडर. गॅसची शेगडी आणली. टीव्हीवर मराठी मालिका लावून दिल्या. एका मंडळाच्या हळदीकुंकवाला नेऊन सोडलं, तिथे बायका चांगल्या होत्या, पण त्यांची पोरं इंग्रजीत उत्तर द्यायची आणि आई त्या पोरांकडे बघून नुसती हसत बसायची. हळूहळू तिचं भांडण कमी झालं. मग थांबलंच. ताटात वाढलेलं ती सगळं खायची, ताट लख्ख. मी मावशीला फोनवर सांगितलं, आई रमली. पुन्हा पुन्हा सांगितलं. ताट बघूनच सांगत होतो ना.

गेल्या नाही, त्याच्या मागच्या रविवारी मी तिला बरोबर तबेल्यात घेऊन गेलो. म्हटलं, जन्म सईसांच्या खोल्यांत गेला तिचा, घोडे बघून बरं वाटेल. फोरमनने तिला स्वतःची खुर्ची दिली, चहा दिला, तिने तो चहा न बोलता प्यायला. टीव्हीवर फ्रान्सहून आलेली एक घोडी होती. मी तीच काढली होती. टणक जमिनीवर जिंकलेली, आतलं गेट, मागच्या वर्षी एकदा विमानाने जाऊन आलेली, कशातच खोट नाही. रेसआधी घोडे फिरवतात त्या पॅडॉकमध्ये बाकीचे घोडे घामाघूम, माना झाडतायत, एक तर मागच्या पायांवर उभा राहत होता, आणि ही मान खाली घालून सईसाच्या मागून चालली होती, कोकरासारखी. पोट भरलेलं, अंग चकचकीत. फोरमन म्हणाला, बघा, घरच्या कुरणात असल्यासारखी चाललीय. मी पण म्हटलं, रमलीय.

आई टीव्हीकडे बघत होती. ती म्हणाली, "शांत नाही ती. तिने सोडून दिलंय."

मी हसलो. फोरमनने विचारलं मम काय म्हणतायत, मी इंग्रजी करून सांगितलं, तो म्हणाला, "युअर मम्स अ हार्ड जज, मेट." आणि तिला अजून एक बिस्किट दिलं. घोडी गेटमधून नीट निघाली, आतून नीट पळाली, आणि शेवटच्या वळणावर जॉकीने रेटायला सुरुवात केली तेव्हा तिच्यात काही नव्हतंच. लंगडली नाही, अडली नाही. सगळे पुढे गेले आणि ती त्यांच्या मागून आली. पंजाबी पोराने माझी टर उडवली, फोरमनने जमिनीला शिव्या दिल्या. आई बिस्किट रुमालात बांधत होती.

गाडीत मी तिला विचारलं, तुला कसं कळलं. ती खिडकीतून गोदामं बघत होती. मग म्हणाली, "तुझे अण्णा म्हणायचे, नवा घोडा लाथा झाडतो, फळ्या फोडतो, तोवर घरी येऊन झोपायचं. त्याला त्याचं घर आठवतंय, तो भांडतोय. गप्प झाला की मात्र रात्रीतून दोनदा उठून बघायचं."

अण्णा, हे तुम्ही तिला सांगितलंत, मला नाही सांगितलंत. सांगायचं राहिलं असेल. मला गव्हाणीपर्यंत शिकवलंत आणि मग खोकला वाढला. मी गाडी चालवत होतो आणि मला एकदम ती महिनाभर भांडणारी आई आठवली, दुधावरून, वाऱ्यावरून, आणि मग गप्प झालेली. मी विचारलं, तू पण? ती म्हणाली, सिग्नल लाल आहे, बघ पुढे. मग सिग्नल हिरवा झाल्यावर म्हणाली, "तू एवढं आणतोस रे. ताटात टाकू कसं?"

घोडा कुणाचं मन राखायला खात नाही. एवढी साधी गोष्ट, आणि मी सगळं आयुष्य घोड्यांत काढून माझ्या आईचं ताट गव्हाणीसारखं वाचत बसलो होतो.

तो गुळाचा दिवस आठवला मला. मुंबईहून आलेला तो काळसर घोडा दोन दिवस तोंड लावत नव्हता आणि तुम्ही काळजीत होतात. मी तुम्हाला खूश करायला घरातून गुळाचा खडा आणला आणि ओट्समध्ये कुस्करून त्याला हाताने भरवला. त्याने खाल्लं. मी पळत येऊन सांगितलं, अण्णा, त्याने खाल्लं. मला वाटलं शाबासकी मिळेल. तुम्ही माझं मनगट धरलंत, जोरात, आणि म्हणालात, "तो नाही म्हणत होता ते मला ऐकायचं होतं. तू त्याचं तोंड बंद केलंस." मारलं नाहीत, त्याचंच जास्त लागलं. मी त्या दिवशी जेवलो नाही आणि तुम्हीही मला जेव म्हणाला नाहीत. आता वाटतं, तुम्ही माझंही ऐकत होतात.

त्या रविवारी घरी आल्यावर मी काहीच आणलं नाही, काही लावून दिलं नाही. टीव्ही बंद ठेवला. आईने दुपारी अर्धी भाकरी खाल्ली आणि अर्धी तशीच ठेवली, आणि माझ्याकडे बघितलं. मी ती अर्धी झाकून ठेवली. संध्याकाळी तिने सांगितलं. पुण्यातली आपली घोरपडीची खोली तिने सोडलेलीच नाही, मावशीकडे किल्ली आहे. तिला जायचंय. मी इथे एकटा पडेन म्हणून ती बोलत नव्हती आणि ती तिथे एकटी पडेल म्हणून मी तिला इथे ठेवून घेतलं होतं. तिच्या छातीचं दुखणं तुम्हाला माहीत नाही, ते तुमच्यानंतरचं. इथल्या डॉक्टरने सांगितलंय, आत्ता गोळ्यांवर एकदा विमानात बसू दे, पण यापुढे एवढा प्रवास करू नये. म्हणजे ती पुन्हा इकडे येणार नाही. आणि माझे इथे राहायचे कागद सरकारकडे अडकलेत, ते होईपर्यंत मला तबेला सोडून हलता येत नाही. वर्ष लागेल, दोन लागतील, कुणी सांगत नाही. तेवढा वेळ तिच्याकडे आहे का ते तिला माहीत आहे, मलाही माहीत आहे.  तिने एवढंच विचारलं, खिडकीची जागा मिळेल का.

तिकीट काढल्यापासून ती परत भांडायला लागली आहे. काल दूध सिंकमध्ये ओतलं, म्हणाली हे काय पाण्याचा रंग बदलून विकतात. पंजाबी पोराला ऐकवलं, तेरी माँ ने तुझे कुछ सिखाया नहीं क्या. तो बिचारा आनंदाने रडायचा बाकी राहिला, म्हणाला, भाई, आंटी वापस आ गईं. आज सकाळी तिने वाऱ्याला शिव्या देत माझे सगळे कपडे धुऊन मागच्या दोरीवर घातले आणि चिमट्यांवरून माझ्याशी भांडली. इतक्या दिवसांत तिचा आवाज एवढा मोठा ऐकला नव्हता. मी स्वयंपाकघरात उभा राहून ऐकत होतो. तिला जाऊ देतोय म्हणून ती अशी आहे. थांबवलं तर परत गप्प होईल.

ती आत झोपलीय, दुपारची. मी हे लिहितोय ते कुठे पाठवणार, तुमचा पत्ता काय लिहिणार. फाडून टाकेन, नाहीतर असंच राहील कुठल्या तरी जॅकेटच्या खिशात. फक्त एक सांगतो. तिकीट काढायला बसलो तेव्हा मी आधी दोन माणसं लिहिली होती. तिच्याखाली माझं नाव, माझा पासपोर्ट, शेजारशेजारच्या जागा सुद्धा निवडल्या. मग दोनाचं एक केलं. कागद अडकलेत म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे गेलो असतो तर इकडे परत आलो नसतो, आणि मला अजून कायमचं तिकडे जायचं नाहीये. हे तिला बोललो नाही. तुमची तिची भेट होईल तेव्हा तुम्हीही सांगू नका.