ग्लेनला नाही कसं म्हणू?

मिल्डन, नेब्रास्का
२ ऑक्टोबर

चि. आर्डिस हिस,
अ. आ.

गेल्या आठवड्यात एका सकाळी कोंबड्यांना दाणे टाकून झाले होते, चादरी दोरीवर होत्या आणि मी बीट सोलत होते, तेवढ्यात ऑरिनच्या कारखान्यातून फोन आला. ऑरिन वारला, तसा नवऱ्यामागे त्यांच्याकडून मिळणारा माझा जादा विमाही बंद. उरलं नुसतं म्हातारपणाचं सरकारी मेडिकेअर. त्याच्या वरचा खर्च माझ्या डोक्यावर. फोन ठेवून पुन्हा बीट सोलायला बसले.

आपल्या चर्चमधला ग्लेन विमे विकतो. त्याचं म्हणणं, त्याच्या योजनेत सगळं बसतं, अगदी दातसुद्धा. पुढच्या शुक्रवारी सही घ्यायला येतोय. ओमाहाचे माझे हृदयाचे डॉक्टर त्यात आहेत का, असं विचारलं, तर म्हणाला, डॉक्टर काय, पुष्कळ आहेत. तेव्हापासून छाती धडधडते. हृदयाच्या बिघडलेल्या झडपेमुळे की भीतीनं, कळत नाही. पण ऑरिनच्या शवपेटीला त्यानं खांदा दिला गं. त्याला नाही कसं म्हणू?

माया असू दे.
तुझी व्हर्ना

लिंकन
५ ऑक्टोबर

ती. व्हर्नाताईस,
सा. न.

ताई, ग्लेननं खांदा भावोजींना दिला, तुझ्या झडपेला नाही! तू अशी भिडस्त, की दारावर झाडू विकणारा आला तरी दोन घेशील. तुमच्या वाचनालयात गुरुवारी मेडिकेअरचा सल्ला देणाऱ्या बाई बसतात. त्या काही विकत नाहीत, पैसेही घेत नाहीत. सहीआधी त्यांना भेट. नाही गेलीस तर मी येऊन ग्लेनशी बोलेन. मग चर्चमध्ये तोंड कुठे लपवशील ते बघ.

रागावू नकोस, जीव लागून राहिलाय.
आर्डिस

मिल्डन
शनिवार

चि. आर्डिस हिस,
अ. आ.

गुरुवारी गेले. सल्ला देणाऱ्या त्या टोलेफसनबाईंनी माझ्यासमोर ओमाहाला फोन लावला. माझे डॉक्टर ग्लेनची योजना घेत नाहीत. कारखान्याचा विमा सुटल्यामुळे सध्या थोडे दिवस मला मेडिकेअरच्या वरचा खर्च उचलणारा पूरक विमा आजार न विचारता मिळतो, आणि माझे डॉक्टरही टिकतात. ही मुदत गेली की आजार विचारतात, आणि माझ्यासारखीला दारातूनच परत पाठवतात. मी विचारलं, मग ग्लेनला काय सांगू? बाई म्हणाल्या, ते मात्र आम्हाला शिकवलेलं नाही.

घरी येऊन ऑरिनच्या खुर्चीशी उभी राहिले. कागद नेहमी तोच बघायचा. तो असता तर भिडेखातर त्यानंच सही केली असती.

दुसऱ्या दिवशी ग्लेन आला. त्याला कॉफी दिली, सही करणार नाही असं सांगितलं, आणि त्याचा पेला रिकामा होईपर्यंत समोर बसून राहिले. तो गेल्यावर पूरक विम्याचा अर्ज भरून टपालात टाकला.

तुझी व्हर्ना