अक्काच्या गळ्यातली खरखर

३ फेब्रुवारी, मंगळवार

गाठ आहे! उजव्या स्वरतंतूवर. (शब्द तपासला — शेवटचा 'तू' दीर्घ.) दवाखान्यात नाकातून कॅमेऱ्याची नळी घातली आणि अक्काचा गळा पडद्यावर दिसला. भाताच्या शिताएवढं काहीतरी, ओलं, शेजारी एक लाल शीर. अक्काच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी ती बघतच राहिली.

डॉक्टर दिव्यश्री कन्नडमध्ये म्हणाल्या, "माझी मुलगी तुमच्या गाण्यांवर रडते. ती कशावर रडते, ते आज घरी जाऊन सांगते." बहुधा विनोद होता. कोणी हसलं नाही.

शस्त्रक्रिया लवकर करायची. गाठ गेली की खरखर जाईल, आवाज मोकळा होईल. तोवर पूर्ण मौन. आणि त्याआधी मोठा कार्यक्रम केला तर? "ती शीर फुटली, तर आहे तोही आवाज परत येईल असं सांगता येत नाही."

देवनहळ्ळीचा कार्यक्रम बावीसला आहे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आई म्हणते, "हळूच कुजबुजून बोल ना ग. त्याने काय होतंय?" कुजबुजल्याने जास्त ताण पडतो! डॉक्टरांनी बजावून सांगितलंय. आईला समजावलं. "सरी, सरी," म्हणत कबूल झाली, आणि थोड्या वेळाने स्वतःच कुजबुजायला लागली. आता सगळं घर कुजबुजतंय.

अक्का पाटीवर लिहिते, मी मोठ्याने वाचतो. फोनवरही तसंच. ती लिहील ते मी तिच्या वतीने बोलायचं. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. आज तिने 'पाणि' लिहिलं. मी वेलांटी दुरुस्त केली, मग वाचलं. तिने फडकं फेकून मारलं. खाली लिहिलं, "मास्तर, मरते तहानेने!"

८ फेब्रुवारी, रविवार

लहानपणी अक्काचा आवाज खणखणीत होता. जे. पी. नगरच्या गणपतीत गायची, लोक मान डोलवायचे आणि प्रसादाच्या रांगेला लागायचे. मग मारतहळ्ळीला कॉल सेंटरची नोकरी. दिवसभर हिंदीत अनोळखी माणसांची माफी मागायची. घरी यायची ती घसा बसवूनच. त्याच बसलेल्या घशाने एका सुट्टीला न्हाणीघरात मोबाइल ठेवून 'परतीची बस' म्हटलं. स्वतः लिहिलेलं पहिलं गाणं. ते सगळीकडे गेलं! पी.जी.त राहणाऱ्या मुली लिहायच्या — आश्लेषा, आम्हाला रडता येत नव्हतं, तू रडलीस. मग दुसरं गाणं, तिसरं. सगळी उदास. तिच्याकडे दुसरं काही कुणी मागितलंच नाही.

मी तेव्हा सेकंड पी.यू.सी., म्हणजे बारावी, नापास होऊन घरी बसलो होतो. अक्का म्हणाली, "तोंड पाडून बसू नकोस, केबल धर." अजून धरतोय. कार्यक्रमात लॅपटॉप माझ्याकडे, तिचा माइक माझ्याकडे. शेवटच्या कडव्यात तिचा आवाज फाटतो, तिथे लोक मोबाइलचे दिवे लावतात. मी दर वेळी नेमका तिथेच माइक किंचित वाढवतो.

म्हणजे इतकी वर्षं मी त्या गाठीचाच आवाज वाढवत होतो.

१० फेब्रुवारी, मंगळवार

शार्दूल घरी आला. अक्काचे कार्यक्रम तोच ठरवतो. पुण्याचा आहे, इथे येऊन बरीच वर्षं झाली, पण अजून बूट घालूनच घरात येतो.

"ऑपरेशन कर ना, नको कोण म्हणतंय! फक्त देवनहळ्ळी होऊ दे. आणि अ‍ॅक्च्युअली, ती खरखरच गेली तर आपण लोकांना द्यायचं काय? गोड आवाजाच्या शंभर मुली आहेत यार मार्केटमध्ये."

"मग त्यांतली एक घेऊन जा की," आई म्हणाली. "माझी मला ठेव."

अक्काने लिहिलं, "मला गोड नाही व्हायचं." मी वाचलं. वाचायलाच लागलं. शार्दूल हसला. "बघा काकू, आर्टिस्ट तयार आहे!" शनिवारी पक्कं कळवा म्हणाला.

११ फेब्रुवारी, बुधवार

अक्काला विचारलं, "स्टेजवर आवाज गेला तर?"

तिने लिहिलं, "गाठ काढली तरी जाणारच आहे. निदान गात असताना जाईल."

मला जेवण गेलं नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

झोपेत बोलली तर? डॉक्टरांना हे विचारायचं राहूनच गेलं!

१४ फेब्रुवारी, शनिवार

आज अक्षर वाईट येतंय.

शार्दूलचा फोन आला. अक्का समोर, पाटी मांडीवर. "काय ठरलं मग?" तिने लिहिलं — मोठ्या अक्षरांत, वेलांट्यासुद्धा बरोबर — "करते म्हणून सांग."

मी म्हणालो, "अक्का नाही म्हणते. कार्यक्रम रद्द करा. ती शस्त्रक्रिया करून घेणार आहे."

माझ्याच तोंडून आलं. मलाच ऐकू आलं.

अक्का ताडकन उभी राहिली. पाटी खाली पडली. तिने तोंड उघडलं — गळ्याची शीर ताठ, ओरडणारच! मी फोन कानाला तसाच धरून उभा. शार्दूल विचारतोय, "तिने स्वतः सांगितलं? नक्की?"

तिने तोंड मिटलं.

"नक्की," मी म्हणालो.

तिचा स्वतःचा मोबाइल टेबलावर होता. शार्दूलला एक ओळ लिहिली असती तर सगळं फिरलं असतं. तिने तो उचलला. बराच वेळ हातात धरला. मग पालथा घातला आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

माझ्याशी पाटीवरही बोलत नाही. काय हवं ते आईला लिहून दाखवते. आईला चष्म्याशिवाय दिसत नाही, तरी मला हाक मारू देत नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

झालं. गाठ काढली. डॉक्टर म्हणाल्या, "छान निघाली, स्वल्पही राहिली नाही." आत नेताना अक्काने माझं मनगट धरलं होतं, चांगलं दुखेपर्यंत. रागाने की भीतीने, कळलं नाही.

अजून आठवडाभर मौन.

२२ फेब्रुवारी, रविवार

देवनहळ्ळीला आज दुसरीच कुणी गायली. शार्दूलने व्हिडिओ पाठवला. गोड आहे. अक्काने शेवटपर्यंत ऐकला आणि बऱ्याच दिवसांनी माझ्यासमोर पाटी धरली. "आवाज गेला तर तुझा गळा दाबीन."

इतकं हलकं वाटलं! दोन वेळा भात घेतला.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टर म्हणाल्या, आता बोला. अक्का माझ्याकडे वळली. "काय रे, बघत काय बसलास?"

स्वच्छ. मोकळा. बाहेर बाकावर बसलेल्या कुठल्याही बाईचा असावा तसा. आई रडायलाच लागली, डॉक्टरांचे हात धरून.

"कसा आहे?" अक्काने विचारलं. "खरं सांग."

"एकदम मस्त," मी म्हणालो, आणि गाडी काढतो सांगून बाहेर आलो. गाडीत बसून लिहितोय.

मला तिचा तो आजारी आवाज परत हवाय.