अकरा सरक्या

३ मार्च

फोटो मिळाला. त्यात तुझ्यामागे धुमसणारा डोंगर आहे, पायाशी शेकडो पक्षी आहेत, दात काढून हसणारी तू आहेस, आणि मी शिवलेलं जाकीट तेवढं नाही. महिनाभर डोळे फोडून शिवलं ते बोटीत खुंटीला टांगायला?

चि. भिंगरीस आजीचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे. तुझ्या बापाचा गुडघा कुरकुरतो, त्याहून जास्त तो. शेजारीण विचारत होती, पक्षी मोजून झाले की पुढं काय. म्हटलं, ते उडतात आणि पोरगी पुन्हा एकपासून सुरू करते.

जाकिटाचं खरं काय ते लिही. गोडगोड लिहून गुंडाळू नकोस. लोभ आहेच, तो दरवेळी लिहायला शाई घालवत नाही.

आजी

१७ मार्च

ति. आजीस शि. सा. न. वि. वि.

तू रागावणार म्हणून आधीच कान पकडते. जाकीट आहे, पण पोकळ. या बेटावर बाहेरचं एक बीसुद्धा उतरू देत नाहीत. बोटीवर तपासनीस असतात, ते बुटांच्या तळव्यातली माती टोकरतात, खिसे उलटे करून ब्रशने झाडतात. तुझ्या जाकिटाच्या अस्तरात त्यांच्या बोटांना काहीतरी टोचलं. शिवण उसवली, तर कापसात अकरा सरक्या. सगळा कापूस बोटीच्या भट्टीत गेला.

त्यांचा दोष नाही गं. इथले पक्षी डोंगराने ओकलेल्या राखेत बिळं करून राहतात. परकं झुडूप रुजलं की बिळं बुजतात.

तो कापूस आजोबांच्या उशीतला होता, हे आईने निघताना सांगितलं होतं. म्हणून तुला कळवायचा धीर झाला नाही.

राख अजून कोमट आहे. बिळात एकजण अंड्यावर बसतो, दुसरा दहा-दहा दिवस समुद्रावर. बसलेला उपाशी. दुसरा आला की दोघं चोचीवर चोच घासतात आणि पाळी बदलतात. मला तुम्ही दोघं आठवलात.

आता अडचण. बिळं वरच्या कड्यावर, तिथं वारा हाडात शिरतो. इतके दिवस मैत्रिणीचं जाकीट मागून जात होते, ती आता परत चालली. इथं दुकान नाही. आमच्या प्रमुखबाईंनी सांगितलंय, चौदा एप्रिलच्या बोटीने माझं जाकीट आलं नाही, तर त्याच बोटीने मी घरी. पिल्लं बाहेर येण्याच्या आधीच.

रागाव, पण माया आटू देऊ नकोस.

भिंगरी

२९ मार्च

कान सोड. आणि बिचाऱ्या पक्ष्यांत आम्हाला बघू नकोस. तुझे आजोबा दहा दिवस बाहेर राहून आले, की मी चोच घासत नव्हते, चोच चालवत होते.

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

दोष तपासनिसाचा नाही, तुझ्या आजोबांचा आहे. लग्नानंतर दोन उश्या करायच्या होत्या. म्हटलं, आपापला कापूस आपण निवडू. माझा निवडून झाला तरी हे गप्पाच मारत होते. तसाच कोंबला. चाळीस वर्षं सरक्या टोचल्या, पण बोलले नाहीत. बोलले असते तर मी उसवून निवडून दिला असता. तो माणूसही तसलाच आणि मीही विचारलं नाही.

तुझा बाप दुकानातलं जाकीट आणायला निघाला होता. म्हटलं, घरात शिंपीण असताना दुकानात जातोस, तर जेवायलाही तिथंच बस.

सोबत जाकीट आहे. कापूस माझ्या उशीतला. मला उशीवाचून झोप लागते, उगाच गळा काढू नकोस. छत्रीच्या काळ्या कापडावर पसरून तीन दिवस बोटांनी चाचपला. एक सरकी निघाली. एकच, आणि तीही तुझ्या आजोबांच्या बाजूने आली असणार. ती मी ठेवून घेतली आहे. इथं बेट नाही, कोणी तपासायला येत नाही.

पिल्लं बाहेर आल्याशिवाय घरी आलीस तर दार उघडणार नाही.

कडेची शिवण मुद्दाम सैल घातली आहे. तपासनिसाला म्हणावं, तिथून उसवा, कात्री लावू नका. पुन्हा शिवताना टाका बारीक घाल. आणि या पत्राचं उत्तर तू लिहायचं नाहीस. त्या तपासनिसाने लिहायचं, किती सरक्या सापडल्या ते, सहीनिशी.

आजी