तेवीस मीटर साठ

२ एप्रिल
आजपासून रोजनिशी. भावनांसाठी नाही, नोंदींसाठी.
परिस्थिती अशी. आमच्या ह्राबिन्का गावातून ओढ्यापलीकडच्या यावोरोवाला जाणारा पादचारी पूल ऑक्टोबरात खुला झाला. ओढा म्हणजे सरहद्द. इकडे चेक, तिकडे स्लोव्हाक. पुलाची आकडेमोड माझी, आणि युनियनला रिपोर्ट पाठवायची जबाबदारीही माझीच. पैसा बहुतेक युरोपियन युनियनचा, आणि त्यांची अट एकच: पाच वर्षं पूल रात्रंदिवस खुला राहिला पाहिजे.
गावाने अर्ज केला आहे की पुलाला फाटक लावून संध्याकाळी कुलूप घालावं. सत्तेचाळीस सह्या. पहिली सही आलोइस कुबान, म्हणजे माझे बाबा.
५ मे रोजी ग्रामसभेत मतदान. त्याआधी गावाचं युनियनबद्दलचं मत बदलणं हे माझं काम. आज एकतीस प्रौढांना विचारलं. बाजूने: ४. लक्ष्य: १६. तेहतीस दिवसांत बारा माणसं. अवघड नाही.

४ एप्रिल
बाबांपासून सुरुवात केली. जेवताना.
बाटलीचं झाकण बाटलीलाच लटकत राहिलं पाहिजे असा युनियनचा नियम आल्यापासून बाबा टेबलावर पक्कड ठेवतात. प्रत्येक झाकण तोडतात आणि बरणीत टाकतात. बरणी दुसरी आहे. पहिली भरली.
मी युनियनचे फायदे क्रमाने सांगितले. बाबांनी सूप संपवलं. मग म्हणाले, "पोरी, रशियाबरोबरची बाजारपेठ कायमची होती. वॉर्सा कराराची फौज कायमची होती. स्लोव्हाकांबरोबरचा संसार तर जन्मोजन्मीचा होता. तीन कायमच्या गोष्टी मी स्वतः पोचवून आलोय. चौथीला हार आणायची घाई नाही."
मुद्दा ऐतिहासिक होता, तांत्रिक नव्हता. खोडायची गरज वाटली नाही.
फाटकामागचं खरं कारण मेचा खांब आहे. ३० एप्रिलला चौकात सोललेलं देवदाराचं खोड उभं करायचं, शेंड्याला हिरवी फांदी आणि फिती, महिनाभर राखायचं. शेजारच्या गावाने ते कापून न्यायचं. महिनाअखेरपर्यंत नेलेला खांब परत चोरता येतो, एरवी बिअर देऊन सोडवायचा, आणि मग वर्षभर टोमणे. बाबा अग्निशमन दलाचे प्रमुख झाल्यापासून एकेचाळीस वर्षं आमचा खांब गेलेला नाही. वसंतात ओढ्याला पूर असतो, निम्मा पहारा तोच करायचा. आता पूल आहे. बाबांच्या मते ब्रसेल्सने यावोरोवाला जिना लावून दिला.
एका लाकडासाठी एवढं. नोंद केली.

८ एप्रिल
पुलाच्या तोंडाशी माणसं मोजणारा सेन्सर आहे. आकडे उतरवले. मार्चमध्ये रात्री दहानंतर सरासरी दोन माणसं. गेल्या चार रात्रींत सहा, आठ, आठ, अकरा. लहान गटांनी येतात, चौकापर्यंत जातात, वीस मिनिटांत परततात.
दोन गावांमधला विश्वास वाढतो आहे. याचा ग्राफ करायचा.

११ एप्रिल
यावोरोवाच्या बाजूने पुलाचं काम पाहणारे ब्लाझेय हुदेक भेटायला आले. पेशाने सुतार. इकडच्यासारखंच तिकडेही युनियनला शिव्या देतात, असं ते म्हणाले. त्यांच्या आईच्या मते युरो आल्यापासून सूप पातळ झालं. म्हणजे युनियनच्या बाबतीत दोन्ही गावांचं एकमत आहे. हा पाया म्हणून वापरता येईल.
त्यांनी पुलाबद्दल अतिशय चांगले प्रश्न विचारले. रुंदी किती, कठडा किती उंच, लांब लाकूड खांद्यावरून नेलं तर आमच्या बाजूच्या वळणावर अडेल का. त्यांच्या चर्चच्या छताला तुळई बसवायची आहे. लांबी तेवीस मीटर साठ.
मी म्हटलं, एवढी लांब तुळई कोणत्याही छताला लागत नाही. ते म्हणाले, "चर्च फार जुनं आहे, इंजिनियरबाई."
मला इंजिनियरबाई म्हणतात. पदवी नीट वापरणारा माणूस विरळा. इतर कोणतंही निरीक्षण नोंदवण्यासारखं नाही. डोळे करडे.

१३ एप्रिल
तुळईचा हिशोब केला. रविवार होता, वेळ होता. खोडाचं वजन सुमारे चारशे तीस किलो, माणसं अठरा. कठडा एक मीटर दहा, खांदा त्याच्या वर, म्हणजे वळणावर टोक कठड्यावरून बाहेर काढता येतं. भाराचा प्रश्नच नाही. धोका एकच: अठरा जण एका तालात चालले तर पूल डोलायला लागेल. म्हणून शेवटी ठळक लिहिलं: पावलं जुळवू नका.
आकृती, सही, शिक्का. ब्लाझेय यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले की असं सुंदर काम त्यांनी पाहिलेलं नाही. सीमापार तांत्रिक सहकार्य म्हणतात ते हेच.

१७ एप्रिल
अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये भाषण. हजेरी ३८. सरपंच सिरिल झापलेताल पहिल्या रांगेत, बाबा शेवटच्या.
पहिल्या एकवीस स्लाइड्सना प्रतिसाद मर्यादित. खानावळवाल्या यार्मिलाबाई विणत होत्या. बाविसावी स्लाइड पुलाचा ग्राफ. महिनाभरात वर्दळ पाचपट.
यार्मिलाबाईंच्या सुया थांबल्या. बाबांनी उभं राहून विचारलं, कोणत्या वेळी? मी सांगितलं: दहानंतर, तीन-तीन, चार-चार जण, चौकापर्यंत. बाबांनी ग्राफची एक प्रत मागितली. माझ्या आयुष्यात त्यांनी माझ्याकडे मागितलेला हा पहिला कागद.
आकडे बोलतात. माणूस फक्त मध्ये यायला नको.

१९ एप्रिल
भाषणाचा परिणाम ताबडतोब. काल रात्री पुलावर सव्वीस जण, आणि आता आमच्या बाजूचेही जातात. बाबा स्वतः दोनदा गेले. बूट चिखलाचे, मूड उत्तम.

२२ एप्रिल
पुन्हा सर्वेक्षण. सरपंच म्हणाले, "बघू." बघूला अर्धा गुण धरला. यार्मिलाबाई म्हणाल्या, "बोलतेस छान ग, पण जरा खात जा." एक गुण. पोस्टमनने मान हलवली. दिशा स्पष्ट नव्हती, तरी एक.
एकूण साडेसहा. वेग समाधानकारक.

२५ एप्रिल
नवीन कल्पना ब्लाझेय यांची, रूपरेषा माझी. ३० तारखेच्या पहाऱ्याला यावोरोवाचे लोक पाहुणे म्हणून येतील. भांडी, अ‍ॅकॉर्डियन आणि बोरोविच्का ही त्यांची कडक दारू घेऊन. सगळे हॉलमध्ये एकत्र जेवतील. रिपोर्टमध्ये नाव: सीमापार स्नेह-पहारा.
बाबांना सांगितलं. ते बराच वेळ पक्कड उघडझाप करत राहिले. म्हणाले, एवढंच विचारून घे, जेवायला येताना आरा घरी ठेवून येतात का.
मी विचारलं नाही. अविश्वासातून सहकार्य उभं राहत नाही. बाबांना म्हटलं, ब्लाझेय हुदेक यांची जबाबदारी मी घेते.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "स्वातावा, तू म्हणतेस म्हणून." मग झाकण तोडलं आणि बरणीत टाकलं.
पूर्ण गुण दिला. साडेसात.

३० एप्रिल, सायं. ७.१५
खांब उभा राहिला. लेझर मीटरने मोजला: २४.०० मीटर. फिती बाबांनी स्वतः बांधल्या. दोराची गाठ तीन वेळा तपासली. मोजत असताना मला बाजूला सरकवून खांबावर एकदा हात फिरवला. माणूस घोड्यावर फिरवतो तसा.
पहाऱ्यावर बारा जण. दहाला पाहुणे. माझी गरज नाही. लवकर झोपते. रात्रीचा हिशोब सेन्सर ठेवेल.

१ मे, सकाळी ६.१०
खांब नाही.
बुंधा आहे. उंची ०.४० मीटर. काप अत्यंत सरळ. हातआऱ्याचा. मोटारीचा आरा आवाज करतो.
२४.०० वजा ०.४० म्हणजे २३.६०. हा आकडा कुठेतरी पाहिला आहे.

१ मे, ६.२५
पाहिला आहे.

१ मे, १०.३०
सेन्सर: रात्री १०.०४ ला पलीकडून बावीस आत. १.५२ ला अठरा बाहेर, चाळीस सेकंदांत, अनियमित अंतराने. म्हणजे पावलं जुळवली नव्हती. उरलेले चौघे हॉलमध्ये गात होते. बाराच्या बारा पहारेकरी हालुश्की, म्हणजे चीज घातलेले बटाट्याचे उकडगोळे, खात होते, कारण चीज यावोरोवाचं होतं आणि यजमानाने नाही म्हणणं बरं दिसत नाही.
बुंध्यावर प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला कागद खिळ्याने ठोकला होता. माझा हिशोब. आकृतीसह.
बाबांनी चष्मा लावून पूर्ण वाचला. सगळं गाव भोवती. त्यांनी एवढंच विचारलं, "सही तुझीच ना?"
माझीच.
ते घरी गेले. टोपी हातात होती. दलाची टोपी घातल्याशिवाय चौक ओलांडताना मी त्यांना पाहिलेलं नाही.

१ मे, दुपारी ३.००
ब्लाझेय हुदेक क्षमा मागायला आले. चर्चमागच्या चेरीखाली भेटलो, कारण सावली तिथेच होती. चेरीला बहर आहे. १ मेला बहरलेल्या चेरीखाली मुलीला कोणी तरी ओठ टेकवले नाहीत तर ती वर्षभरात वाळते, असं आमच्याकडे म्हणतात. याला आधार नाही.
त्यांनी सांगितलं, खांब त्यांच्या चौकात त्यांच्या खांबाशेजारी उभा आहे, फितीसुद्धा तशाच ठेवल्या आहेत. कागद बुंध्यावर ठोकण्याचा निर्णय बहुमताने झाला, ते विरोधात होते, पण विरोधात एकटेच होते. शेवटी म्हणाले, आता अरे-तुरे करायला हरकत नसावी.
तांत्रिक कामात सोयीचं पडतं म्हणून हो म्हटलं. वाळण्याचा मुद्दाही तेव्हाच निकाली काढला. खबरदारी म्हणून.

२ मे
सरपंचांनी "बघू" परत घेतलं. पोस्टमनने मान पुन्हा हलवली. या वेळी दिशा स्पष्ट होती.
यावोरोवाकडून मागणी आली: साठ लिटर बिअर, मग खांब परत. बाबांनी निरोप पाठवला की कुबान घराण्यात कोणी स्वतःचा माल विकत घेतलेला नाही.
माझ्याशी बोलत नाहीत. दोन झाकणं तोडली, तीही पाठ करून.
फाटक आता नक्की. युनियनला काय लिहायचं त्याचा मसुदा तयार केला. सोबत माझा राजीनामा. दोन्ही एका पानात बसतात.

४ मे
सकाळी बाबा बोलले. लेझर मीटर मागितला. गॅरेजचं काही काम आहे म्हणे. संध्याकाळी उशिरा आणून दिला, काच पुसून. मोजमापाची गोडी लागली तर माणूस हळूहळू युक्तिवादालाही येतो. आशा सोडू नये.

५ मे, रात्री ८.४०
ग्रामसभा. मी राजीनामा पिशवीत ठेवला होता.
बाबा पहिले उभे राहिले. टोपी घालून. म्हणाले, अर्जावरची पहिली सही त्यांची, म्हणून मागे घेण्याचा पहिला मानही त्यांचा. फाटक नको. पूल रात्री उघडा राहिलाच पाहिजे, विशेषतः रात्री. हॉलभर माना हलल्या. यार्मिलाबाई म्हणाल्या, विशेषतः मेमध्ये.
मतदान: फाटकाच्या बाजूने शून्य. सरपंचांनी इतिवृत्तात कारण लिहिलं: पूल लागणार आहे.
विजय. पद्धत बरोबर होती, फक्त उशिरा लागू पडली. राजीनामा फाडला. दारातच एकतीस जणांचं शेवटचं सर्वेक्षण उरकलं. युनियनच्या बाजूने: ३. मला धरून.
मोजणी दोनदा तपासली.
घरी येताना बाबांना विचारलं, मग तुमचं मत नेमकं बदललं कशाबद्दल? ते म्हणाले, मत कुठे बदललंय? "युनियन नकोच. तिला कुणी बोलावलं होतं? पण पूल आपला आहे. माझ्या पोरीने बांधलाय."
यावर गुण कसे द्यायचे ते ठरलेलं नाही.

६ मे, सकाळी ७.००
माझ्या बशीखाली कागद. बाबांचं अक्षर. दोन आकडे: २३.६० आणि २७.३०. खाली: एकामागून एक, त्याच रात्री. माणसं किती लागतील?
आमच्या गॅरेजची लांबी सहा मीटर आहे. यावोरोवाचा खांब किती उंच ते मी मोजलेलं नव्हतं. कुणीतरी मोजलं आहे.
मी विचारलं, हे कशासाठी. बाबांनी पावाला लोणी लावत सांगितलं की आपल्या चर्चच्या छतासाठी आहे. चर्चचं छत गेल्या वर्षी नवीन केलं. त्याचाही हिशोब माझाच होता.
मी कोणत्याही गावाच्या बाजूने नाही. अभियंता या नात्याने दोन्ही बाजूंना समान माहिती मिळायला हवी.
ब्लाझेयला प्रत पाठवणार नाही.
पहिल्याला अठरा, दुसऱ्याला बावीस. वळणावर टोक कठड्यावरून बाहेर काढा. सेन्सर त्या रात्री देखभालीसाठी बंद राहील. सही केली, शिक्का नाही.
शेवटी ठळक लिहिलं: पावलं जुळवू नका.