मामांच्या गाडीला हळद का लागली नाही

जिवती,
लग्न आटोपल्यानंतरचा पहिला निवांत दिवस

आदरणीय लालसू मामांना भाची निशाचा सेवा जोहार.

तुमची तब्येत बरी असेल, मामींचा गुडघा आता जिना चढू देत असेल आणि तुमच्या रेंजमध्ये कुठे वणवा लागला नसेल, अशी आशा करते. सख्ख्या भाच्याच्या लग्नाला तुम्हाला रजा मिळाली नाही, याचं आम्हा सगळ्यांना वाईट वाटलं. पण जंगल जळत असताना वनपालाने जेवणाच्या पंगतीत बसावं असं मलाही वाटत नाही. इकडे सर्व खुशाल आहे. दिनेशचं लग्न झालं. नवरी मूल गावाची, भाताच्या पट्ट्यातली असल्यामुळे तांदूळ कोणता चांगला यावर तिचा आणि आईचा पहिला मतभेदही होऊन गेला. आणि गाडी खुशाल आहे. (हे वेगळं लिहिते, कारण फोनवर तुम्ही आधी गाडी कशी आहे विचारलं, नंतर दिनेश कसा आहे विचारलं. मी रागावले नाही. नवी गाडी आहे, दिनेश जुना आहे.) फोनऐवजी पत्र लिहिण्याचं कारण एवढंच की, फोनवर तुम्ही मधेच "म्हणजे काय झालं?" असं विचारता आणि मग मला क्रमाने सांगता येत नाही. पत्रात तुम्हाला मधे बोलता येणार नाही.

तर क्रमाने सांगते. लग्नासाठी गाडी पाठवताना तुम्ही विचारलं होतं की, रंगाला मेण लावावं, सीलंट लावावं की ते सिरॅमिक कोटिंग करावं. मी बी.एस्सी. झालेली, शिवाय चंद्रपुरात रईसभाईंच्या गाडी चमकवण्याच्या दुकानात काम करणारी, म्हणून तुम्ही विश्वासाने विचारलं, आणि मी विश्वासानेच सांगते. मेण छान दिसतं, पण आपल्या उन्हाळ्यात ते महिना-दीड महिन्यात निघून जातं. सीलंट म्हणजे कारखान्यात केलेलं मेणच समजा, ते चार-सहा महिने टिकतं. सिरॅमिक कोटिंग रंगाच्या वरच्या पारदर्शक थराला घट्ट धरून बसतं आणि नीट सांभाळलं तर दोन-तीन वर्षं जातं. नीट सांभाळलं तर, हे शब्द मी दुकानात दरवेळी जोर देऊन म्हणते आणि दरवेळी रईसभाई कपाळाला हात लावतात.

रईसभाईंचं माझ्यावर मुलीसारखं प्रेम आहे, पण माझ्या खरं बोलण्यामुळे त्यांचा रक्तदाब वाढतो. मागे एक भातगिरणीवाले आपली पांढरी गाडी घेऊन आले. डब्यावर कडकपणा ९एच लिहिलेला बघून म्हणाले, म्हणजे खडा लागला तरी ओरखडा पडणार नाही ना? मी म्हणाले, पडणार. ते माप पेन्सिलीच्या ओरखड्याचं आहे, गिट्टीच्या ट्रकचं नाही. मग त्यांनी विचारलं, धुवावी तर लागणार नाही ना? मी म्हणाले, लागणार, आणि कपड्याच्या साबणाने तर मुळीच नाही. ते चहा अर्धा ठेवून गेले. रईसभाई तो अर्धा कप उचलत म्हणाले, "बेटी, सच बोल, मैं मना नाई करत. पर गिराईक बसल्यावर बोल, उठवायसाठी नको बोलू." मी त्यांना सांगितलं की, आपल्या भागातल्या माणसांना खोटं विकायचं नाही असं मी पदवी घेतानाच ठरवलं आहे. ते म्हणाले, "मग तू तुझं दुकान टाक माय." ते रागाने म्हणाले होते, पण मला ते पटलं.

कारण विचार करा मामा. गडचांदूरला सिमेंटची धूळ रात्री गाडीवर बसते, पहाटे दव पडतं, सकाळी ऊन तापतं आणि रंगावर बारीक गिलावा तयार होतो. मग माणूस तो खांद्यावरच्या दुपट्ट्याने कोरडाच घासतो. एवढ्या अत्याचारानंतर गाडीचा रंग टिकतो, हीच त्याची सहनशीलता. तिथे एखाद्या शिकलेल्या मुलीने दुकान टाकून लोकांना सांगितलं की, आधी भरपूर पाणी मारा, धूळ वाहून जाऊ द्या, मगच मऊ फडकं लावा, तर ती सुद्धा समाजसेवाच आहे. बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी बिडी विझवली. (ते गंभीर झाले की विझवतात.) म्हणाले, "लग्नात सारा गाव येते. लालसूची गाडी तू चमकव. गावानं चांगली म्हटली तर टाक दुकान. नाई तर बँकेच्या परीक्षेले बस, मग मले काई सांगू नको." आता तुमच्या लक्षात येईल की, ती नुसती गाडी नव्हती, माझा निकाल होता.

म्हणून मी जीव ओतला. रईसभाईंच्या दुकानात गाडी आधी धुतली, मग चिकणमातीसारख्या गोळ्याने रंगात रुतलेले कण ओढून काढले, मग पॉलिश, मग तेलकटपणा पुसून काढून थोडं थोडं कोटिंग, आडवं आणि उभं. बॉनेट केलं, दारं केली, टप केला. बाटलीत उरलं म्हणून आरसे केले. काचांचं वेगळं येतं, तेही केलं. शेवटी नंबर प्लेट आणि चिखल अडवणारी रबरंही केली. काम अर्धवट सोडू नये हे तुम्हीच मला लहानपणी शिकवलं, त्यामुळे पुढे जे झालं त्यात तुमचाही थोडा वाटा आहे. गाडी अशी काळीभोर निघाली की, गावात आल्यावर एक बकरी तिच्यातल्या बकरीशी भांडायला उठली. (बकरीला बाजूला केलं. शिंग लागलं नाही. मी दोनदा तपासलं.) पाहुणे येत, कौतुकाने दुपट्टा काढून पुसायला जात आणि मी पाण्याची बाटली घेऊन मधे उभी राहत असे. नवऱ्या मुलाची बहीण लग्नात साडी नेसून गाडीची राखण करते आहे, यावर बायकांनी गाणंही रचलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नवरी आणायला निघायची वेळ झाली. दिनेश मागच्या सीटवर, खाली उशी घेऊन, घाम पुसत बसला. पूजा सांगणाऱ्या सोमाजी भुमकांनी पेनांचं, आपल्या देवांचं, नाव घेऊन तांदूळ वाहिले आणि हळद लावायचा मान आजीला दिला, कारण गाडी तिच्या लेकाची. आजीने पाचही बोटं हळदीत बुडवून बॉनेटवर ठेवली आणि हात उचलला. हळदीचा हात क्षणभर तिथे दिसला. मग कोचईच्या पानावर पाण्याचे थेंब पळावेत तसा तो मोडला, त्याचे पिवळे मोती झाले आणि सगळे मोती घसरत खाली नंबर प्लेटवर आले. तिथूनही घसरले, कारण तीही मीच केली होती.

ढोल थांबला. आजीने पुन्हा हात लावला, पुन्हा तेच. मामा, मी अभ्यासात हुशार असले तरी माणसांच्या बाबतीत मला वेळ लागतो. मला वाटलं लोक थक्क झाले आहेत. मी पुढे होऊन सांगितलं, बघा, याला म्हणतात पाणी न धरणारा पृष्ठभाग, आणि थेंब इतका गोल का होतो हेही समजावलं. कुणी टाळी वाजवली नाही. आजी माझ्याकडे बघत होती. "काऊन वं पोरी," ती म्हणाली, "लेकाच्या गाडीले मायचा हात चालत नाई का?"

त्यानंतर प्रत्येकाने उपाय सुचवला. हळदीत तेल घातलं, तर ती सावकाश आणि डौलात घसरली. पीठ घालून घट्ट केली, तर वाळून पापडासारखी अखंड निघून पडली. एकाने चिकटपट्टी आणली. तीही बसेना, तेव्हा लोक खरे घाबरले. कुणीतरी मागून म्हणालं, देवच ना म्हणून राह्यला. सोमाजी भुमक मात्र शांत होते. त्यांनी बॉनेटवर बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि म्हणाले, "देवाची ना नाई. गाडीचीच ना आहे." यामुळे देवाची बदनामी टळली आणि तुमच्या गाडीची झाली. बिना हळदीची गाडी शिवेबाहेर जाणार नाही, हे तर ठरलेलंच. दिनेशने काच खाली करून विचारलं की, मी उतरू का. त्याला सगळ्यांनी गप्प बसवलं.

तेवढ्यात गडचांदूरहून सिमेंटच्या गोण्या वाहणारी पिकअप घेऊन आलेला डोमा पुढे झाला. (बाबांचा मावसभाऊ, स्वभावाने चांगला, पण त्या पिकअपला जन्मल्यापासून पाणी माहीत नाही.) म्हणाला, माझी पाहा. आजीने हात ठेवला. मामा, त्या धुळीवर हळद अशी बसली, जशी काही ती गाडी हळदीसाठीच बनवली होती. तळहाताच्या रेघा सुद्धा उमटल्या. लोक खूश झाले, ढोल पुन्हा वाजू लागला, दिनेशची उशी पिकअपमध्ये नेली. आणि बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. बँकेच्या परीक्षेचं पुस्तक कुठून आणायचं याचा विचार करत असल्यासारखं.

मी म्हणाले, थांबा. मी आत जाऊन माझी पिशवी आणली. आजीला हात बॉनेटवर ठेवायला सांगितला आणि तिच्या बोटांभोवती काजळाने रेघ ओढली. काजळही पळत होतं, म्हणून लगेच त्या रेघेवरून सुरी फिरवून कोटिंगवर हलकी खूण केली. (मामा, सुरीचा बोथट भाग. श्वास घ्या.) मग सर्वांत बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून त्या पंजाएवढ्या जागेवरचं कोटिंग मी उतरवायला बसले. इतक्या मेहनतीने चढवलेलं, सगळ्या गावासमोर, आपल्याच हाताने. आजी लोट्याने पाणी सोडत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते उन्हामुळे, असं मी सगळ्यांना सांगितलं. घासताना मी आजीला म्हणाले की, आजी, माझं चुकलं. ती म्हणाली, "चुकलं कुठी? तू सारं झाकलं, देवाले जागा नाई ठेवली, इतकंच." अंगठ्याजवळ जास्त घास, हेही तिनेच सांगितलं.

जागा पुसून कोरडी केली. आजीने हात ठेवला. बसला. मामा, असा बसला की, बाजूच्या काळ्याभोर रंगात तो पिवळा पंजा पाहून डोमाने आपली पिकअप स्वतःच मागे घेतली. दिनेशची उशी परत आली. गाडी शीव ओलांडून गेली आणि नवरी घेऊन वेळेवर परतली. उशीर झाला तो मूलच्या लोकांच्या जेवणामुळे, माझ्यामुळे नाही.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी झाली. गाडी धुळीने भरली होती. मी पाणी मारलं तर सगळी धूळ उतरून गेली, फक्त पंजावर पाणी साचलं. ते एका म्हाताऱ्याने पाहिलं, त्याने लोटा मागितला. मग दुपारभर गाव रांगेत उभं राहून गाडीवर पाणी ओतत होतं. मी जन्मभर बोलून जे कुणाला समजावू शकले नसते, ते त्या पंजाने समजावलं. जिथे कोटिंग आहे तिथे काय होतं आणि जिथे नाही तिथे काय, दोन्ही एकाच बॉनेटवर. संध्याकाळी जिवतीतल्या जीपवाल्याने विचारलं, "माह्या गाडीले लावून देशील का? पण देवाची जागा सोडून, हो." त्याच्यामागून आणखी दोघे आले. त्यांना मी खडा लागला तर ओरखडा पडेल हेही सांगितलं. ते म्हणाले, पडू दे, बसवलेली हळद तर राहील ना.

बाबा ओट्यावर बसून सगळं ऐकत होते. त्यांनी बिडी पेटवली. (ते निश्चिंत झाले की पेटवतात.)

तर असं सगळं सुखरूप पार पडलं. गाडीला एकही ओरखडा नाही. जिथून कोटिंग उतरवलं तिथेही खालचा पारदर्शक थर शाबूत आहे. मामींना जोहार. गुडघ्याला शेक चालू ठेवायला सांगा.

तुमची आज्ञाधारक भाची,
निशा

ता. क. १ : गाडी कधी पाठवते हे लिहायचं राहिलं. त्याबद्दलच एक लहानशी विनंती होती. नमुना म्हणून दाखवायला मला दुसरी कुठली गाडी नाही. तेव्हा ती अजून काही दिवस माझ्याकडे राहू द्यावी. पोळ्यापर्यंत.

ता. क. २ : "राहू द्यावी" असं लिहिलं खरं, पण ती कालच गडचांदूरला गेली. बाबांनी डोमाच्या घराशेजारची शेड पाहून दिली. समोर तुमची गाडी उभी आहे आणि फलक लागला आहे : येथे देवाची जागा सोडून कोटिंग करून मिळेल. (शब्द रईसभाईंनी सुचवले. चंद्रपूरच्या दुकानावरही हाच फलक लावायचा त्यांचा विचार आहे.) उद्घाटन तुमच्या हस्ते ठरलं आहे, वणवे विझले की या. एस.टी.ने यावं लागेल, ते तुम्ही समजून घ्याल.

ता. क. ३ : पंजाचा डाग राहील म्हणून काळजी करू नका. हळदीचा रंग उन्हाने आपोआप उडतो, हे रसायनशास्त्र आहे. मात्र आजी रोज सकाळी तो नव्याने लावते.

ता. क. ४ : आजीला याच गाडीतून तुमच्याकडे परत पाठवायचं ठरलं होतं. पण गिऱ्हाइकं म्हणतात की, जागेचं माप आजीच्याच हाताचं पाहिजे. मी तिला विचारलं, घरी केव्हा जातेस? ती म्हणाली, "आता कामाचे दिवस आहेत." तेव्हा येताना तिचा पानाचा डबा, दुसरं लुगडं आणि उशी घेऊन या.